जिथवर मुक्कामाची एस.टी. जाते तिथवर: नीरा, वेळवंडी, कृष्णा आणि कुकडीकाठचे सायकलचे रस्ते

खोरेवाट (धागाकर्ता):

सायकलसाठी शांत रस्ता कोणता, हा प्रश्न दर दिवाळीनंतर नव्याने निघतो आणि उत्तरात बहुतेक वेळा सिंहगड, पानशेत आणि ताम्हिणी हीच तीन नावे येतात. हे तिन्ही रस्ते सुंदर आहेत. परंतु रविवारी सकाळी नऊनंतर तिथे कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जीव मुठीत धरून सायकल चालवावी लागते, हे तिथे जाणारा प्रत्येक जण जाणतो. गेल्या बारा वर्षांत भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि वाई या तालुक्यांतले बरेचसे रस्ते मी सायकलने पालथे घातले आहेत आणि त्यातून एक साधा ठोकताळा हाती आला आहे. ज्या गावाला मुक्कामाची एस.टी. जाते आणि ज्या गावापुढे डांबरी रस्ता जात नाही, त्या गावाचा रस्ता सायकलचा.

यामागे भूगोल आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेतून पूर्वेकडे लांबच लांब डोंगरसोंडा निघतात. दोन सोंडांच्या मध्ये एक नदी, नदीच्या दोन्ही अंगांना वाड्या आणि खोऱ्याच्या टोकाशी घाटमाथा, असा हा सगळा मुलूख आहे. बारा मावळांतल्या कितीतरी मावळांची नावेच मुळी नद्यांवरून पडली आहेत : पवनेचे पवन मावळ, कानंदीचे कानद मावळ, गुंजवणीचे गुंजण मावळ, वेळवंडीचे वेळवंड खोरे. घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरणाऱ्या वाटा माणसांनी आणि लमाणांच्या बैलांनी पाडल्या. त्यांतल्या मोजक्याच वाटांचे पुढे गाडीरस्ते झाले. जिथे तसा गाडीरस्ता झाला नाही, तिथे खोऱ्यातला रस्ता शेवटच्या वाडीला जाऊन थांबतो आणि म्हणून त्या रस्त्यावर फक्त त्या खोऱ्यातली माणसेच येतात-जातात. दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, शाळेत निघालेली मुले, एखादा टेम्पो आणि सकाळ-संध्याकाळची एस.टी., एवढीच काय ती वर्दळ. शिवाय रस्ता नदीच्या कडेने जात असल्यामुळे चढही अंगावर येत नाही. तीस किलोमीटर आत गेलो तरी पायांना तो चढ वाटत नाही, आणि परत फिरल्यावर मात्र सायकल आपली आपण पळू लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी वेळवंड खोरे सुचवतो. पुणे–सातारा महामार्ग कापूरहोळला सोडून भोरकडे वळले की पहिल्या काही किलोमीटरांतच महामार्गाचा आवाज मागे पडतो. वाटेत इंगवलीजवळ नीरेने घेतलेले वळण रस्त्यावरून दिसते. लोक त्याला नेकलेस पॉइंट म्हणतात, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. तिथे रेंगाळू नये. भोरच्या अलीकडे वेळवंडीवर १९२८ साली पुरे झालेले भाटघर धरण आहे. त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, आणि कंकांचे भुतोंडे हे गाव याच खोऱ्याच्या आतल्या अंगाला, राजगडाच्या दक्षिणेला आहे. धरणाच्या फुगवट्याच्या कडेने जाणारा रस्ता सरळ नाही. डोंगरातून आलेल्या प्रत्येक ओढ्यात पाणी आत घुसले आहे आणि रस्ता प्रत्येक ओढ्याला वळसा घालतो. समोर हाकेच्या अंतरावर दिसणारी वाडी गाठायला चार किलोमीटर लागतात. मोटारवाल्याला याच गोष्टीचा कंटाळा येतो, आणि सायकलवाल्यासाठी तीच या रस्त्याची खरी कमाई आहे, कारण प्रत्येक वळसा म्हणजे एक सावलीचा उतार, तळाशी एक मोरी, मोरीखाली वाहते पाणी आणि पुन्हा पाच मिनिटांचा चढ. एप्रिल-मे महिन्यांत पाणी खूप खाली गेले की एरवी बुडालेले कांबरेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली काढलेल्या त्या दगडांवर गाळाची राखाडी पुटे असतात, आणि आजूबाजूच्या गाळाला भेगा पडून त्याची खपली हाताने उचलता येते. तिथे जायचे असेल तर पहाटे निघावे, कारण दहानंतर त्या उघड्या गाळपेरात उभे राहवत नाही.

दुसरे खोरे नीरेचे, म्हणजे हिरडस मावळ. नीरेचा उगम शिरगावला, वरंध घाटाच्या माथ्याजवळ होतो. भोर–महाड रस्ता नीरा देवघरच्या जलाशयाला लागून हिर्डोशीवरून वरंध घाटाकडे जातो. हा थेट महाडला जाणारा रस्ता असल्यामुळे माझ्या ठोकताळ्यात तो बसत नाही, तरीही आठवड्याच्या मधल्या दिवशी तो पुष्कळ मोकळा असतो. घाटात वाघजाईच्या देवळाशी उभे राहिले की पूर्व आणि पश्चिम यांतला फरक एका नजरेत कळतो. मागे संथ, रुंद खोरे असते आणि पुढे शिवथरच्या बाजूला एकदम तुटलेली दरी, जिच्या तळाशी शिवथरघळ आहे. चहा-भजीच्या टपऱ्या आहेत; पाणी भरून घ्यावे. पावसाळ्यात दरडींमुळे अलीकडे हा घाट वाहतुकीला बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवसांत तिकडे फिरकू नये.

तिसरे खोरे कृष्णेचे. भोरहून आंबवडे, तिथून मांढरदेवीचा घाट चढून वाईत उतरावे आणि दुसऱ्या दिवशी मेणवली, धोम, बलकवडी करत जोरपर्यंत जावे, असा दोन दिवसांचा बेत मी अनेकदा केला आहे. आंबवड्याला ओढ्यावरचा संस्थानकालीन झुलता पूल आणि पलीकडचे नागेश्वराचे देऊळ पाहायला अर्धा तास ठेवावा. कान्होजी जेध्यांचे कारी गाव याच रोहिड खोऱ्यात आहे. वाईहून जोरपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर होतात आणि तिथे रस्ता संपतो. वर महाबळेश्वरचे पठार दिसत असते, पण तिकडे फक्त पायवाटा जातात. महाबळेश्वरला रविवारी किती मोटारी चढतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याच डोंगराच्या पायथ्याशी, कृष्णेच्या अगदी बाळपणीच्या पात्राशेजारी, तासभरात एकही वाहन दिसत नाही यावर विश्वास बसत नाही.

तुमच्या माहितीतली खोरी इथे लिहावीत. अंतरापेक्षा रस्त्याचा पोत, पाण्याची सोय आणि जाण्याचा योग्य महिना सांगितला तर जास्त उपयोग होईल.

कुकडीकाठ:

धागा फार आवडला. मुक्कामाच्या एस.टी.ची खूण आमच्याकडेही लागू पडते, पण एक गोष्ट जोडावीशी वाटते. तुम्ही सांगितलेली सगळी खोरी रुंद आहेत. नदीने कातळ चिरून केलेली खरी घळ पाहायची असेल तर मावळ सोडून पूर्वेला यावे लागेल. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीने बसाल्टच्या कातळात जे रांजणखळगे कोरले आहेत, त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते सायकलसाठी उत्तम आहेत आणि त्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

शिरूरहून निघोज चोवीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. आमचा मुलूख मावळासारखा हिरवा नाही. कांदा, बाजरी, ऊस, मधेच बोडका माळ आणि माळावर मेंढ्या. रस्ता कुठेच फार चढत नाही, पण वारा मात्र समोरून येतो. कुंडापाशी पोहोचेपर्यंत तिथे घळ असेल असे वाटतच नाही, कारण ती जमिनीच्या वर काही दाखवत नाही. मळगंगेच्या देवळाजवळून चालत पुढे गेले की पायाखालचा काळा कातळ एकदम फाटतो आणि खाली हिरवे पाणी दिसते.

हे खळगे कसे झाले ते जागेवर बसून पाहण्यासारखे आहे. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गोटा कातळातल्या लहानशा खोलगट जागी अडकतो आणि भोवऱ्यात सापडून तिथेच गरगरत राहतो. वर्षानुवर्षे तो खडक घासत गेला की आधी वाटी, मग रांजण तयार होतो. शेजारशेजारच्या रांजणांच्या भिंती झिजून एकमेकांत मिसळल्या की त्यांची सलग घळ होते. उन्हाळ्यात काही कोरड्या रांजणांच्या तळाशी असे गोटे अजून पडलेले आहेत. मी एक हातात घेतला होता. अंड्यासारखा गुळगुळीत, आणि आकाराच्या मानाने बराच जड. परत तिथेच ठेवला. पात्र ओलांडायला पादचारी झुलता पूल आहे आणि पलीकडे पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी, म्हणून येताना एका काठाने आणि जाताना दुसऱ्या काठाने असा फेरा करता येतो. कडेच्या कातळावर शेवाळ असते तेव्हा सायकलचे बूट घालून अजिबात जाऊ नये. क्लिटच्या, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी पट्टी तळाला असलेल्या, बुटांना तिथे काहीच पकड नसते. चैत्रात मळगंगेची यात्रा असते, त्या आठवड्यात रस्ते भरलेले असतात.

पहिली सफर:

मी ठाण्यात राहते आणि आतापर्यंत फक्त येऊरपर्यंत सायकल चालवली आहे. धागा वाचून जोर खोऱ्यात जायची फार इच्छा झाली आहे. तीन शंका आहेत. माझी सायकल २८ मिमी टायरची रोड बाइक आहे, ती या रस्त्यांवर चालेल का? मांढरदेवीचा घाट नवख्या व्यक्तीला झेपेल का? आणि शेवटच्या गावात सायकल बिघडली तर परत कसे यायचे? तिथे मोबाइलला रेंज नसेल असे गृहीत धरते आहे.

खोरेवाट:

पहिली सफर, तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

२८ मिमीचे टायर चालतील, पण ते दगडासारखे फुगवू नका. खोऱ्यातल्या रस्त्यांवर डांबराचा थर पातळ असतो आणि पावसाळ्यानंतर मोऱ्यांजवळ खडी उघडी पडते. मी स्वतः ३२ मिमीचे टायर लावतो आणि हवा शहरात ठेवतो त्यापेक्षा थोडी कमी ठेवतो. दोन जादा ट्यूब, पॅच, हातपंप आणि साखळीची एक जोडकडी एवढे सामान बरोबर हवेच, कारण भोर आणि वाई सोडल्यास रोड बाइकची ट्यूब मिळण्याची आशा ठेवू नये, आणि या दोन गावांतही ती मिळेलच असे नाही.

मांढरदेवीचा घाट नवख्यांनी पहिल्या खेपेला वगळावा. त्याऐवजी थेट वाईत मुक्काम करावा आणि पहाटे जोरला जाऊन दुपारच्या आत परतावे. पौष पौर्णिमेच्या आसपास काळूबाईच्या यात्रेला लाखो भाविक येतात. त्या दिवसांत घाटात सायकल नेणे स्वतःच्या आणि यात्रेकरूंच्याही दृष्टीने चुकीचे आहे.

बिघाडाबद्दल सांगतो. एकदा खोऱ्याच्या अगदी टोकाशी माझ्या सायकलचा मागचा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग चौकटीला जोडणारा तुकडा, तुटला. संध्याकाळ झाली होती. समोरच्या घरातल्या आजोबांनी काही न विचारता सायकल ओसरीवर घ्यायला लावली आणि मला जेवू घातले : तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि कांदा. पहाटे जाग आली ती हापशाच्या आवाजाने. मुक्कामाच्या गाडीचे चालक तिथे तोंड धूत होते आणि गाडीच्या काचेवर दवाचा इतका जाड थर होता की त्यांनी वर्तमानपत्राचा बोळा करून ती पुसली. वाहकांनी सायकल मागच्या आसनांजवळ आडवी ठेवायला सांगितली आणि तिचे सामानाचे तिकीट फाडले. म्हणूनच मी नेहमी म्हणतो की, मुक्कामाची गाडी ही रस्ता शांत असल्याची खूण आहेच, पण तीच आपली परतीची हमीदेखील आहे. गावात शिरल्यावर गाडी सकाळी किती वाजता सुटते हे आधी विचारून ठेवावे.

उतारकरी:

मांढरदेवीचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव लिहितो. चढताना माझी काळजी सगळ्यांनी केली; उतरतानाची काळजी मी केली नाही. माझी सायकल रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवरच घासून थांबणारी, आहे. मंदिराकडून वाईकडे उतरताना भीतीपोटी मी दोन्ही ब्रेक सलग दाबून ठेवले आणि मधल्या एका वळणाच्या अलीकडे पुढची ट्यूब बंदुकीसारखा आवाज करून फुटली. वेग कमी होता म्हणून कठड्याला टेकून थांबलो, एवढेच. रिमला बोट लावले तर चटका बसला. ब्रेक सतत घासल्याने रिम तापते, आतली ट्यूब त्या उष्णतेने कमजोर होते आणि हवेचा दाबही वाढतो, हे मला नंतर समजले.

आता मी सरळ पट्ट्यात सायकल थोडी सुटू देतो, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडाच वेळ दाबतो आणि लगेच सोडतो. लांब उतारावर मधे दोनदा थांबून रिम गार होऊ देतो. डिस्क ब्रेक असतील तर ट्यूबचा धोका टळतो, तरीही डिस्क तापतेच, म्हणून थांबायची सवय त्यांनीही ठेवावी.

मेणवलीची लेक:

माझे माहेर वाईजवळचे आहे आणि लहानपणापासून धोमच्या रस्त्याने मी साधी बावीस इंची सायकल चालवली आहे. आमच्या बाजूला आता तुमच्यासारखे सायकलस्वार येऊ लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. दोन-चार गोष्टी मात्र गावच्या बाजूने सांगते.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. घाटावरच्या देवळात जी मोठी घंटा आहे, ती वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी आहे. ती पाहायला सगळेच येतात. त्याच घाटावर आमच्या बाया कपडे धुतात आणि सकाळी पाणी भरतात, तेव्हा अंगावरच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करत उतरू नका. आधी विचारा, कोणी नाही म्हणणार नाही.

दुसरे म्हणजे सुगीचे दिवस. कार्तिकात भात आणि नाचणी निघते तेव्हा रस्त्याच्या कडेला, कधी अर्ध्या रस्त्यावरही, धान्य वाळत घातलेले असते. सायकल त्यावरून नेऊ नका, उतरून कडेने चालवत न्या. धान्यावरून टायर घसरतो, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते कोणाच्या तरी वर्षभराच्या भाकरीचे आहे. मी एकदा एका तरुणाला असे उतरून चालताना पाहिले आणि झाडू हातात घेतलेल्या काकूंनी त्याला थांबवून गुळाचा चहा दिला.

तिसरे, जोरचा रस्ता. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आमच्या पश्चिमेकडच्या गावांचे फार नुकसान झाले, माणसेही गेली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या खोऱ्याच्या आतल्या भागात हौसेने येऊ नका. धबधबे छान दिसतात हे खरे, पण फरशी पुलावरून पाणी वाहत असताना तुम्ही पलीकडे अडकलात तर तुम्हाला काढायला आमचीच मुले उतरतात. कोजागिरीनंतर या. तेव्हा ओढ्यांना पाणी असते, हवा कोरडी असते आणि कास-पाचगणीकडची गर्दीही ओसरलेली असते.

पहिली सफर, तुम्ही एकट्या येणार असाल तरी निर्धास्त या. फक्त उजेड असेपर्यंत वाईत परत या आणि वाटेत कुठल्या तरी घरी कुठे चालला आहात ते सांगून ठेवा. येताना परत भेटला नाहीत तर ते चौकशी करतील, इतके आमच्याकडे अजून आहे.

प्रवरेचा वाटसरू:

थोडक्यात एक भर घालतो. भंडारदऱ्याला शेंडीहून निघून घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडीला येणारा जलाशयाभोवतीचा फेरा याच पठडीतला आहे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. घाटघरला कोकणकड्यावर उभे राहावे, साम्रदला सांधण दरीच्या तोंडापर्यंत जाऊन यावे आणि रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या कोरीव देवळाशी विसावावे. हा फेरा असल्यामुळे इथे रस्ता संपत नाही. पण जलाशय वाटेत असल्याने पुढे जाणारी वाहतूक इथे येत नाही आणि परिणाम तोच होतो. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला रात्री मोटारींच्या रांगा लागतात, तेवढे दिवस टाळावेत. रतनवाडीच्या बाजूचे काही पट्टे उखडलेले असतात. २८ मिमीवाल्यांनी जपून जावे.

कुकडीकाठ:

मेणवलीच्या लेकीने धान्याबद्दल लिहिले ते आमच्याकडेही लागू आहे. आमच्याकडे बाजरी आणि सोयाबीन रस्त्यावर असते. शिवाय कांदा भरण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चिखल रस्त्यावर पडतो आणि वाळला की त्याचे कडक उंचवटे होतात. पातळ टायरला ते खड्ड्यापेक्षा जास्त त्रास देतात.

पहिली सफर:

सर्वांचे मनापासून आभार. कोजागिरीनंतरच्या बुधवारी रजा टाकली आहे. मंगळवारी रात्री वाईत मुक्काम, पहाटे साडेपाचला निघून मेणवली, धोम, बलकवडीमार्गे जोर, आणि दुपारी एकच्या आत परत, असा बेत ठरवला आहे. टायर ३० मिमीचे घेतले, त्याहून रुंद माझ्या चौकटीत बसत नाहीत.

खोरेवाट:

बेत उत्तम आहे. एक बदल सुचवतो. धोमच्या पुढे जलाशयाच्या कडेने उजाडताना खूप धुके असते आणि समोरून मुक्कामाची गाडी वाईकडे यायला निघालेली असते. त्या अरुंद रस्त्यावर तिला दिव्यांशिवाय तुम्ही दिसणार नाही. पुढे-मागे दिवे लावा, किंवा सहा-सव्वासहाला निघा. गाडी दिसली की कडेला उतरून उभ्या राहा आणि हात करा; चालक हॉर्न वाजवून पुढे जातील. त्यानंतर जोरपर्यंतचा रस्ता तुमचाच आहे.